पांढऱ्या छत्र्यांचा हेवा

॥ श्री ॥
यवतमाळ, ३ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. प्रेमलतास यमूताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आईनं अनंतकडून लिहवून घेतलेलं पत्र पोचलं. फुलं ऐन बहरात आहेत म्हणून ती इतक्यात येत नाही म्हणे. पोटच्या लेकीपेक्षा भावजयीच्या वाफ्यातली झाडं वरचढ झाली, छानच झालं! ते बी मूळचं माझं, आठवतं ना? कामठीला होते तेव्हा छावणीतल्या एका मेजरच्या बाईंकडून मिळवलेलं, शेपूसारख्या पानांच्या त्या विलायती फुलाचं. निम्मं आईकडे ठेवलं, निम्मं इथं आणलं. माझी रोपं मुरमाड जमिनीत गुडघ्याएवढी होऊन वाळली. तुझी म्हणे डोक्याच्या वर गेली आणि शेंड्याशेंड्याला बशीएवढी पांढरी छत्री. खरं सांगते, वाचून पोटात दुखलं. दोन वर्षांत आई माझ्या घरी एक रात्र राहिलेली नाही. तिची खोली झाडून, नवी सतरंजी घालून ठेवली आहे. तिला पाठव, एवढंच मागते.

लोभ आहेच, सध्या जरा रुसलेला आहे.
यमूताई

॥ श्री ॥
नंदनवन, नागपूर, ९ फेब्रुवारी

ती. सौ. वन्संना प्रेमलताचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. दसऱ्यानंतर बी मी पेरलं. बादल्यांनी पाणी मी घातलं, वाऱ्यानं आडवी होऊ नयेत म्हणून बांबू लावून सुतळीनं मीच बांधली. शेजारच्या पंचफुलाबाईंनी शेपू एवढा उंच काहून वाढू दिला म्हणून विचारलं, ते हसूही मीच सोसलं. आणि सासूबाई सकाळपासून वाफ्यापाशी खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, ही माझ्या यमूची फुलं, यमूच्या हातालाच गुण आहे. तुम्ही माझा हेवा करता? मी तर रोज तुमच्या नावानं जळते!

काल ह्यांच्या कचेरीतले मधुकरराव आले, त्यांनाही तेच. मी चहाचा कप ठेवला, विळा घेतला आणि सगळी झाडं बुडापासून कापली. रागानं कापली. तुमच्यासाठी कापली असा मोठेपणा घेणार नाही. सासूबाईंनी कापलेली झाडं उचलून त्यांचा भारा बांधला. संध्याकाळी त्यांनी ट्रंक भरायला घेतली. उद्याच्या एस.टी.नं हे त्यांना घेऊन येत आहेत. कापलेला भारा सोबत हवाच म्हणतात.

चुकलं असेल तर रागवावं, पण बोलणं टाकू नये.
प्रेमलता

॥ श्री ॥
यवतमाळ, १५ फेब्रुवारी

चि. सौ. प्रेमास अनेक आशीर्वाद. वि. वि.

आई सुखरूप पोचली. मांडीवर भारा, निम्मी फुलं एस.टी.च्या धक्क्यांनी झडलेली. उरलेली तिनं हंड्यात पाणी घालून पुढच्या दारात ठेवली. मला वाटलं, आता माझं कौतुक माझ्याच घरात ऐकीन. कसलं काय! सगळ्या आळीला बोलावून सांगते, ही माझ्या प्रेमाची फुलं. सूनबाईनं लेकरासारखी वाढवली. माझ्या वरणात मीठ जास्त होतं, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. तुझं वरण म्हणे कधी बिघडत नाही. आल्यापासून माझ्या नावाचा एक बरा शब्द नाही तिच्या तोंडून.

म्हणून सांगते, होळीला अनंतबरोबर इथंच ये. आपण दोघी एकाच वेळी समोर उभ्या असल्यावर आई कोणाचं कौतुक करते, ते मला एकदा बघायचंच आहे.

तुझ्यावर जळणारी आणि तुझी वाट पाहणारी,
यमूताई