लेकीच्या लेकीचे पाय

अज्जा, तुम्ही न पाहिलेल्या तुमच्या पणतीच्या शाळेतून परवा चिठ्ठी आली. शनिवारी आजी-आजोबा दिवस आहे. मुलं त्यांच्यासाठी गाणी म्हणणार, हातानं केलेली कार्डं देणार, फोटो काढणार. बाबा भलतेच खूश आहेत. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी व्यासपीठावर बोलावलेलं नाही, त्यामुळे आत्तापासूनच कोट उन्हात घालून बसलेत. मी मात्र चिठ्ठी हातात धरून एकटीच हसत सुटले. आई म्हणाली, “झालं, हिला अज्जा आठवले.” बरोबर होतं तिचं.

मी पाचवीत होते तेव्हा. शतक सरायला दोन-तीन वर्षं उरली होती आणि आमच्या धारवाडच्या शाळेत असा दिवस पहिल्यांदाच होत होता. कार्डंबिर्डं तेव्हा कुणाला सुचली नव्हती. मुलांनी आपल्या आजी-आजोबांचे पाय परातीत धुवायचे, पुसायचे, फूल वाहून नमस्कार करायचा, असं ठरलं. बाबांचे आईवडील मी जन्मायच्या आधीच गेलेले, आईची आईही नव्हती. माझ्या वाट्याला आजोबा म्हणून एकच माणूस, हुबळीत दाजीबानपेठेतल्या कापडाच्या दुकानात गादीवर बसणारे तुम्ही. आणि तुमचा तर नियम, लेकीच्या लेकरांनी पाया पडायचं नाही. लेक म्हणजे लक्ष्मी, तिच्या पोटच्यांनी आपल्यापुढं वाकलं तर पाप आपल्याला. दसऱ्याला सोनं म्हणून बन्नीची, शमीची पानं वाटताना मामाची मुलं रांगेनं तुमच्या पायांवर डोकं ठेवायची, तुम्ही त्यांच्या पाठीत धपका घालून आशीर्वाद द्यायचात. माझी पाळी आली की पाय झटकन धोतरात! वर माझ्याच हातावर पान ठेवून “बन्नी घे, सोन्यासारखी राहा” म्हणत मलाच हात जोडायचात. मामाची मुलं खिदळायची. तुमच्या मनात तो मान होता, हे मला काय कळणार? मला वाटायचं, ही सगळी ह्या घरची आणि मी तेवढी पाहुणी. एकदा, फक्त एकदा मला तो धपका हवा होता.

म्हणून मी बेत रचला. तुम्हाला पोस्टकार्ड लिहिलं, ‘शाळेत कार्यक्रम आहे. तुम्हाला खुर्ची आहे. शिरा आहे. नक्की यावे.’ पायांचं अक्षरही नाही. चारशे माणसांसमोर तुम्ही थोडेच उठून जाणार! आईनं कार्ड वाचलं आणि म्हणाली, “सांगितलीस तर येणार नाहीत, नाही सांगितलीस तर आलेले उठतील. तुझं तू बघ.” मग आठवडाभर मी बाबांच्या पायांवर सराव केला. आधी उजवा, मग डावा, बोटांच्या मधे नीट पुसायचं. बाबांचे पाय इतके स्वच्छ ना त्याआधी कधी होते, ना नंतर.

तुम्ही आलात ते पहिल्या बसनं. काळी टोपी, परीटघडीचं धोतर, खांद्यावर कोरा टॉवेल. रंगमंचावर खुर्च्यांची रांग आहे आणि तुम्ही सत्काराला आल्यासारखे ताठ बसला आहात. मी परात घेऊन येते. तुम्ही परातीकडे बघता, मग माझ्याकडे, आणि तुमचे पाय खुर्चीखाली जातात. टीचर लगबगीनं येतात, “अज्जार, काल मुंद तगीरी,” पाय पुढं घ्या म्हणतात. तुम्ही उठून उभे! “इल्लरी, मगळ मगळु ईकी,” लेकीची लेक आहे ही, असं तुम्ही त्यांना इतकं समजावून सांगता की माइकमधून सगळ्या मैदानाला ऐकू जातं. माझ्या डोळ्यांत पाणी येतं. सगळं संपलं असं वाटतं. तेवढ्यात तुम्ही मला खांद्याला धरून त्याच खुर्चीत बसवता, गुडघ्यांवर हात टेकत खाली बसता आणि माझे पाय परातीत घेता.

अज्जा, मला गुदगुल्या होतात हे तुम्हाला ठाऊक होतं. रडता रडता मी अशी किंचाळून हसले की अख्खी शाळा हसायला लागली. शेजारच्या खुर्चीतल्या एका कानडी आजींनी नातवाला म्हटलं, “अरे, तूही तर लेकीचाच की!” आणि आपले ओले पाय बाहेर काढले. त्यांचं बघून पलीकडचे एक आजोबा उठले. बघता बघता निम्म्या खुर्च्यांवर मुलं आणि खाली म्हातारी माणसं, रंगमंचावर पाणीच पाणी. टीचर माइक धरून नुसत्या उभ्या. शिरा वाढायला एक तास उशीर झाला. तसा आनंदाचा गोंधळ त्या शाळेत पुन्हा झाला नसेल.

मी मात्र फुगलेलीच. रविवार हुबळीत काढायला तुमच्याबरोबर निघाले. स्टँडवर तुम्ही चुरमुऱ्याचं गिरमीट घेऊन दिलंत, ते तुमच्याकडं पाठ करून खाल्लं. बस सुटल्यावर तुम्हीच म्हणालात, “तुझ्या बाबाचे पाय मी मांडवात धुतलोय. आता त्याच्या लेकीकडनं धुवून घेऊ काय? चालतंय काय असं?”

“मग मला कधीच नाही?”

“नाही.”

“मी मोठी झाल्यावर?”

“मोठी झाल्यावर तर मुळीच नाही. तेव्हा तू अजून मोठी लक्ष्मी.” आणि टोपी मांडीवर ठेवून तुम्ही खिडकीला डोकं टेकलंत.

पुढं दहा वर्षांनी तुम्ही गेलात. मामाच्या मुलांनी तुमच्या पायांवर डोकं ठेवलं. मामा मला म्हणाला, “आज तरी ये, आता कोण अडवतंय?” मी लांबूनच हात जोडले. सगळ्यांना वाटलं, केवढा हिनं अज्जांचा शब्द राखला! आईनं तर चार जणांना कौतुकानं सांगितलं.

शनिवारी बाबा खुर्चीत बसतील, कार्ड घेतील, मी फोटो काढीन. माझ्या लेकीनं पाया पडायला कुणाची ना नाही, तिला त्यात काही विशेषही वाटत नाही. हा कागद कुठल्या पेटीत टाकणार? तुमच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. तरी एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. त्या दिवशी बसमध्ये अमरगोळच्या आसपास माझं तिकीट खाली पडलं आणि ते शोधायला मी सीटखाली वाकले होते, आठवतं? ते पडलं नव्हतं, मी पाडलं होतं. कपाळाला तुमच्या चपलेची धूळ लागली. मी वर आले तेव्हा तुमचे डोळे मिटलेलेच होते, पण पाय तुम्ही मागं घेतले नव्हते. आणि बस खड्ड्यात आदळली तेव्हा तुमचा हात माझ्या पाठीत बसला, चांगला जोरात. आता त्या रस्त्यानं इतक्यांदा गेले-आले, अज्जा. तिथं खड्डा असल्याचं मला काही आठवत नाही.