कापसाचे बोळे

शनिवार, संध्याकाळ

रॉकचा एवढा गोंगाट ऐकून मला शांत का वाटतं? खरंच सांगता येत नाही.

आज पुण्याच्या कॉन्सर्टसाठी बॅग भरत होते. टॉवेल, पॉवर बँक आणि कानात घालायचे रबरी प्लग. तेवढ्यात आईने चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी कोंबली. "दोन दिवस टिकेल. बाहेरचं महागाचं खाऊ नको." खरं तर मला यापेक्षा जास्त काहीच आवडत नाही, पण तिला कधी सांगितलं नाही.

मी हेडफोन तिच्या कानाला लावला. ऐकून म्हणाली, "यापेक्षा आमचं कारखान्यातलं प्रेस मशीन बरं. चहाला तरी बंद होतं." दोघी हसलो.

मग तिने प्लग उचलले. "हे काय गं?"

मोठ्या आवाजाने कान खराब होऊ नयेत म्हणून घालायचे, मी सांगितलं.

"म्हणजे माझे कापसाचे बोळेच की."

रबाळ्याच्या कारखान्यात बारा वर्षं ती कानात कापूस घालून उभी राहते. आणि टीव्हीचा आवाज मोठा लावते म्हणून मी तिच्यावर ओरडते. घरातली पहिली पदवीधर मी, पण हे माझ्या लक्षातच आलं नाही?

ती भाजी आणायला गेली, तेव्हा प्लग तिच्या डब्याच्या पिशवीत ठेवले. माझ्या बॅगेत चटणीशेजारी तिचा कापूस आहे.