आईचा अर्धा आटा

पोरी,

मिस्त्री आज येईल. ट्रॅक्टरला नांगर वरून धरणारी ती हायड्रॉलिक टॉप लिंक बसव म्हणून सांग त्याला. तू म्हणतेस तेच खरं. नांगराचा कल सीटवरूनच बदलता येईल. मागे उभं राहून जुन्या लिंकचे आटे हाताने फिरवायला आता आहे कोण?

मी "अर्धा आटा" म्हणून ओरडायचो आणि तुझी आई पूर्ण फिरवायची. इंजिनच्या आवाजात तिला नीट ऐकूच जायचं नाही. एकदा बोललो, तर म्हणाली, "नांगर बरोबर लागला ना? मग झालं."

काल एकटाच शेतात गेलो. तिने शेवटचं लावलं होतं त्याच मापावर नांगर चालवला. जमीन कडक झालीय, नुसता वरवर खरवडत राहिला. खाली उतरलो, पण लिंकला हात लावला नाही. तसाच परत आलो.

मी बाहेर चाललोय. काम असं काही नाही. दूध तापवून ठेवलंय, मिस्त्रीला चहा दे. जुनी लिंक तो भंगारात न्यायला बघेल, देऊ नकोस. शेडमध्ये ठेव. पुसायची तर पूस, पण फिरवू नकोस. अर्धा आटासुद्धा नाही.

बाबा