दोन हजार एकशे चाळीस मैल

वेल्हे,
ता. ६ डिसेंबर १९३७

रा. रा. मानसिंगराव खुटवड, मु. उत्रोली, यांस
भिमाजी दारवटकर याचा रामराम वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की तुमची फटफटी काल बैलांनी ओढून घरी आणली. तीही भर बाजारातून. पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे विचारत होते, की भिमाजीची फटफटी कडबा खाती का पेंड. उत्तर द्यायला तुम्ही हवे होतात.

दसऱ्याला ती मला विकलीत तेव्हा काय बोललात ते आठवा. भाटघरच्या धरणावरच्या साहेबाची शर्यतीची गाडी, साहेब विलायतेला गेला म्हणून तुमच्या हाती आली, आणि घड्याळात बघा, अवघे दोन हजार एकशे चाळीस मैल. नवी नवरी आहे म्हणालात. भोरच्या इब्राहीम ड्रायव्हरची एकतीस हजार मैल पळालेली फटफटी मला निम्म्या पैशात मिळत होती. तुमच्यादेखत मी त्याला हसलो, की म्हातारं घोडं कोण घेतो. आता तो हसत असेल.

तुमची नवरी मार्गासनीपर्यंत बरी जाते. पुढे चढ लागला की तापते, निळा धूर ओकते आणि बसते. दोन हजार मैलांच्या गाडीला हे होत नसतं, एवढं मलाही कळतं.

तुमची बहीण ठकू माझ्या घरात आणि माझी बहीण बना तुमच्या घरात, एकाच मांडवात दोन्ही लग्नं लागली, म्हणून महिनाभर तोंड शिवून बसलो. आता नाही. संक्रांतीच्या आत फटफटी परत घ्या आणि पैसे द्या. नाही तर ठकूला उत्रोलीला पोचती करीन, आणि तिला न्यायला मी येणार नाही.

मुलांस आशीर्वाद. होता तो लोभ उरला आहे तेवढा तरी राहू द्यावा.

भिमाजी


उत्रोली,
ता. १३ डिसेंबर १९३७

राजमान्य राजश्री भिमाजीराव दाजी यांस
मानसिंगचा रामराम वि. वि.

पत्र पोचलं. इतक्या जोरात लिहिलंय की दोन ठिकाणी कागद फाटला आहे. फटफटीचा कानही तुम्ही असाच पिळत असणार.

घड्याळ मी घडवलेलं नाही. तुम्ही मैल विचारलेत, मी मैल दाखवले. आकड्यात एका मैलाची खोट काढून दाखवा, मी पागोटं उतरून ठेवीन. शर्यतीची गाडी आहे, तिला चढावर गियर बदलून हाकावी लागते. औत धरल्यासारखी दोन्ही हातांनी दाबून धरली तर साहेबाचीच काय, लाटसाहेबाची गाडीसुद्धा बसेल. तुम्ही ती वेल्ह्यात मिरवायला घेतलीत. मिरवणूक निघाली, मग तक्रार कसली?

राहिली ठकूची गोष्ट. साटंलोटं म्हणजे काय ते दाजी विसरले असतील तर आठवण देतो. ज्या दिवशी ठकू माझ्या दारात उतरेल त्याच दिवशी, त्याच गाडीत, बना बसेल. तुमचं परतीचं भाडं वाचेल. पोरगी आणि पोरगा मात्र खुटवडांचे आहेत, ते इथंच राहतील.

हे बनाला वाचून दाखवलं. ती पीठ मळत राहिली.

ठकूस आशीर्वाद. तुमचा लोभ किती मैलांचा आहे ते आता कळलंच आहे.

मानसिंग


वेल्हे,
ता. २४ डिसेंबर १९३७

रा. रा. मानसिंगराव यांस
भिमाजीचा रामराम वि. वि.

फटफटी बैलगाडीत घालून भोरला नेली आणि इब्राहीमभाईंपुढे ठेवली. ज्याला हसलो त्याच्याच दारात उभं राहावं लागलं, हेही तुमच्याच खात्यावर. त्यांनी इंजिन उघडलं. आतला दट्ट्या बघून म्हणाले, की ह्ये दोन हजाराचं काम न्हाई, पन्नास हजार मैल पळालेल्या गाडीचंबी असं हाल होत न्हाईत. मैल किती झाले यापेक्षा ते कसे झाले ते बघायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांची एकतीस हजारांची गाडी कापूरहोळच्या एका कंत्राटदाराने घेतली. तो ती रोज पुण्याला नेतो आणि आणतो.

आणि दुसरं. इंजिनाला वारा लागावा म्हणून बाहेरून लोखंडी पाकळ्या असतात. त्या पाकळ्यांत भाताचा कोंडा सापडला. जळून काळा झालेला, खरवडून काढावा लागला. शर्यतीच्या गाडीत भाताचा कोंडा कुठून आला, एवढं कळवा.

संक्रांत तीन आठवड्यांवर आहे. ठकूने बोचकं बांधायला घेतलेलं नाही, पण मी दाव्यावरचे बैल चारून ठेवले आहेत.

भिमाजी


उत्रोली,
ता. २९ डिसेंबर १९३७

भिमाजीराव दाजी यांस
रामराम वि. वि.

उत्रोलीत कोंडा कुठे नाही ते विचारा. भाताचं गाव आहे. आमच्या देवळातल्या घंटेतही निघेल. गाडी खळ्याच्या छपरात उभी असायची, वाऱ्याने उडून बसला असेल.

इब्राहीमची गाडी तुम्ही घेतली नाहीत त्याचा राग तो माझ्यावर काढणारच. त्याची साक्ष मी मानत नाही. दुसरा साक्षीदार असेल तर आणा. उत्रोलीत घरोघर फिरा. एक माणूस जरी माझ्याविरुद्ध बोलला तर फटफटी परत घेतो, हा माझा शब्द. तोवर कागद नासू नये.

मानसिंग


उत्रोली,
ता. २ जानेवारी १९३८

तीर्थरूप दादा यांस
बनाचे शि. सा. नमस्कार वि. वि.

हे पत्र रतनबाईच्या हाती भोरच्या पेटीत टाकते आहे. रतनबाई आमच्या गिरणीवर कामाला असते. ती कुणाला सांगणार नाही.

तुम्ही वहिनींना पाठवाल आणि हे मला पाठवतील. दोघेही हट्टाचे, मागे कुणी सरणार नाही. माझी मुलं इथं राहतील. धाकटा तीन वर्षांचा आहे. म्हणून खरं काय ते लिहिते.

भात सडायच्या गिरणीचं इंजिन दोन सालांमागे फुटलं. नवं येईना आणि लोकांची पोती दारात. मग यांनी फटफटी घोडीवर उभी केली, मागचं टायर काढलं आणि चाकावर पट्टा चढवून भात सडायचं यंत्र त्यावर चालवलं. असे दोन हंगाम. निम्म्या उत्रोलीचं भात तिने सडलं आहे, म्हणून गावात कुणी बोलायचं नाही. वर भात ओतायला मी आणि रतनबाई. मैलाच्या घड्याळाची तार पुढच्या चाकाला असते आणि पुढचं चाक कधी फिरलंच नाही. तेव्हा आकडा खोटा नाही, पण खराही नाही. जागच्या जागी वारा लागेना, तर इंजिन लाल व्हायचं. मी त्यावर पाणी मारायची. त्याने बिघडतं हे मला कुठं ठाऊक?

तुम्ही यायच्या आदल्या दिवशी पाकळ्यांतला कोंडा यांनी मला काडीने काढायला लावला. सगळा निघाला नाही. तुम्ही गाडीवरून हात फिरवत होतात तेव्हा मी चहा घेऊन उभी होते. सांगावं असं फार मनात आलं. सांगितलं नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

दादा, माझं नाव घेऊ नका. मागच्या चाकाची कड पट्ट्याने घासून गुळगुळीत झाली आहे, ती इब्राहीमभाईंना दाखवा. ते बघताच ओळखतील. तेवढ्यावरून बोला, मग यांना नाही म्हणता येणार नाही. आणि हे पत्र वाचून चुलीत घाला.

वहिनींना नमस्कार. तुमची माया आहे म्हणूनच एवढं लिहिण्याचं धाडस केलं.

तुमची
बना


वेल्हे,
ता. ८ जानेवारी १९३८

मानसिंगराव खुटवड यांस

साक्षीदार मागितला होतात ना? मिळाला. उत्रोलीत घरोघर फिरायची गरज पडली नाही, तुमच्याच घरातून आला.

चाकाची कड दाखवून भागलं असतं, पण तुम्ही म्हणाला असता की तीही वाऱ्याने घासली. म्हणून बनाचं पत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत खाली उतरून देतो. अस्सल माझ्या पेटीत आहे, कोर्टात लागलं तर तिथंही दाखवीन. वाचा आणि पागोटं कुठं उतरून ठेवता ते कळवा. साहेबाच्या शर्यतीच्या गाडीला तुम्ही घाण्याचा बैल केलात आणि मेहुण्याच्या गळ्यात बांधलीत.

फटफटी घेऊन जायला माणूस पाठवा.

भिमाजी


उत्रोली,
ता. १२ जानेवारी १९३८

भिमाजी दारवटकर यांस

शब्द दिला होता, तो पाळतो. पैसे तयार आहेत. मैलांचा वाद तुम्ही जिंकलात.

तुमचा कागद बनापुढे ठेवला आणि विचारलं, हे तू लिहिलंस काय. ती मान खाली घालून उभी राहिली. हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. घरची उणीदुणी चोरून बाहेर लिहिणारी बाई मला घरात नको. उद्या चिमाजी गाडीवानाच्या गाडीने तिची पाठवणी करतो. मुलं इथं राहतील.

ठकूचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तिला मागितलेलं नाही.

संक्रांत परवावर आली. आमचा तिळगूळ पोचला असं समजा. यापुढे पत्र नको.

मानसिंग


भोंगवली,
ता. १७ जानेवारी १९३८

दादा यांस बनाचा नमस्कार

कापूरहोळला चिमाजी गाडी वेल्ह्याकडे घेऊन निघाला तेव्हा मी उतरले आणि चालत इथं बाळाबाईआत्याकडे आले. तुमच्या घरी मी येणार नाही. माझं पत्र ज्या पेटीत आहे त्या घरात मला झोप लागायची नाही.

निघताना थोरली पोरगी गाडीमागे ओढ्यापर्यंत पळत आली. धाकट्याला रतनबाईने धरून ठेवलं होतं. संक्रांतीला आत्याच्या दारी बायका वाण घेऊन आल्या, मी आतच बसून राहिले. मला तुमचा फार राग आला आहे, दादा. त्यांचाही आहे, पण त्यांच्याकडून मी दुसरी अपेक्षा केली नव्हती. तुम्हाला मी एकच गोष्ट सांगितली होती.

तुमचं खरं होतं आणि ते खरं ठरलं. आता एकदा खोटे पडा. यांच्या हातात आहे ती तुमच्या अक्षरातली नक्कल, माझ्या अक्षरातलं पत्र त्यांनी बघितलेलं नाही. अस्सल पत्र आज जाळा आणि यांना लिहा, की ते तुम्ही रचलं होतं. एवढ्यावर भागायचं नाही. पैसे मागू नका. फटफटी चांगली आहे म्हणा, मैल बरोबर आहेत म्हणा, तुम्हालाच चालवता येत नाही म्हणा. खरं काय ते यांना माहीतच आहे. पण यांना जिंकू दिलं तर हे मला न्यायला येतील. नऊ वर्षं त्यांच्या घरात काढली आहेत, एवढं मला कळतं.

वहिनींना कुठंही पाठवू नका. त्यांनी कुणाचं काही केलेलं नाही.

हे जमणार नसेल तर मला उत्तर लिहू नका. मला भाऊ आहे की नाही, ते त्यावरून समजेन.

बना


वेल्हे,
ता. २१ जानेवारी १९३८

रा. रा. मानसिंगराव दाजी यांस
भिमाजीचा रामराम वि. वि.

पत्र नको म्हणून कळवलंत, तरी हे एक वाचावं लागेल.

ता. ८ च्या पत्राखाली बनाच्या नावाने जे लिहिलं ते सगळं मी रचलं. तिने मला एक ओळ पाठवलेली नाही. कोंडा दिसला, त्यावरून भात सडल्याची गोष्ट जुळवली. तुम्ही साक्षीदार मागत होतात आणि मला कसंही करून तुमचं नाक खाली करायचं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा ती गप्प राहिली, कारण सख्ख्या भावाला तुमच्यापुढे खोटारडा म्हणणं तिच्या जिवावर आलं. अस्सल पत्र माझ्या पेटीत आहे असं लिहिलं होतं. तसं काही नाही. पेटी उघडून बघायची तर या.

फटफटी उत्तम आहे. घेतली तेव्हा दोन हजार एकशे चाळीस मैलच झाले होते आणि त्यात एका मैलाची खोट नाही. इब्राहीमभाई चुकले. मला चढावर गियर बदलता येत नाही म्हणून ती बसते. तशी कबुली मी काल वेल्ह्याच्या चावडीवर दिली, गेनबा पाटील साक्षीला आहेत. लोक पोट धरून हसले. माणूस पाठवून खात्री करून घ्या. पैसे नकोत. फटफटी माझ्या गोठ्यात उभी राहील, येणाऱ्याजाणाऱ्याला मी सांगत जाईन की मानसिंगरावांनी चांगली वस्तू दिली आणि मी नासवली.

तुम्हाला मी जन्मात माफ करणार नाही. एवढं एक मात्र रचलेलं नाही.

बना भोंगवलीला बाळाबाईआत्याकडे आहे. गाडी स्वतः हाका, चिमाजीला पाठवू नका. मुलांना बरोबर न्या.

तुमचा लोभ मला नसला तरी चालेल. तिला घेऊन जा.

भिमाजी