तोफेच्या पानावरची काडी

अहो,

आज दुपारी कोथिंबिरीची जुडी घेऊन गॅलरीत बसले. सगळी निवडून झाली, तरी वाचायला कुणी सुरुवात करेना. मग लक्षात आलं. म्हणून हे लिहितेय.

कालच तुम्ही गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. विहारातल्या बायका म्हणत होत्या, "रडा वहिनी, मोकळ्या व्हा." कुठून रडू? आत सगळं भिजलेल्या गोधडीसारखं जड झालंय. चहा पिते, गोड की फिका ते कळत नाही.

तुमचं ते अमेरिकेच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक खुर्चीवर तसंच आहे. मी सातवीत शाळा सोडलेली, मला काय करायची होती अमेरिका? पण आपला नेम होता ना! मी भाजी निवडायची, तुम्ही मोठ्यानं वाचायचं, आणि एकट्यानं कुणी पुढचं पान उलटायचं नाही.

आठवतं? सगळी माणसं समान, असं जगाला सांगणाऱ्यांच्याच घरी गुलाम राबत होते, हे वाचलंत आणि मी ओरडले, "थांबा!"

तुम्ही म्हणालात, "अगं, नवा देश उभा करत होते. सगळं एकदम कसं जमेल?"

"पिठातच खडा ठेवलाय त्यांनी. भाकरीत दाताखाली येणारच!"

"येतो. पण त्याला अजून वेळ आहे. तोवर तू कोथिंबीर निवड."

गुलामांची मोजणी करताना पाच माणसांची तीन धरायची, हे ऐकून तर मी तुमच्याशीच अबोला धरला. जसं काही तुम्हीच मोजायला गेला होतात! शेवटी मीच विचारलं, "तुमच्या आजोबांना तरी गावानं कधी अख्खं माणूस धरलं होतं?" तुम्ही नुसता चष्मा पुसत राहिलात.

मग दक्षिणेतली राज्यं एकेक करून फुटून निघाली. पहिली तोफ उडाली.

"देश मोडतो का हो?"

"उद्या," म्हणालात, आणि माझ्या हातातली कोथिंबिरीची काडी पानात घालून पुस्तक मिटलंत.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी किती वेळा म्हटलं, थांबा, थांबा! उभ्या संसारात पहिल्यांदाच ऐकलं नाहीत.

परवा नात म्हणाली, "आजी, कोण जिंकलं ते मोबाईलवर बघून सांगते ना."

"खबरदार!" म्हटलं. इतक्या दिवसांत तेवढंच काय ते मोठ्यानं बोलले.

पण कापसाच्या शेतात गुलाम म्हणून राबणाऱ्या त्या माणसांना असं मधेच सोडून कसं चालेल? तोफ उडालीय आणि ती अजून बेड्यांतच आहेत. आपल्या काडीनं अडवून ठेवलंय त्यांना.

म्हणून उद्यापासून मी वाचणार. मोठ्यानं, ओळीवर बोट ठेवून, अडखळत. त्यांना अख्खं मोजेपर्यंत पुस्तक मिटणार नाही, हा माझा शब्द. तुमची खुर्ची तिथंच असेल.

कुठं चुकले, तर आता तुम्ही म्हणा, "थांब."

मी थांबेन.

तुमची
सुमन