मागची खोली भाऊजींना

मी, वय अडुसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार उताराच्या पायथ्याचे घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते. कोणाची जबरदस्ती नाही. भीती मात्र आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. भीती वाटते म्हणूनच लिहायला बसले.

१. माझ्या घराला दोन खोल्या. पुढच्या खोलीत मशीन, कापायचे टेबल आणि मुलीची खाट. मागच्या खोलीत ओटा आणि माझी खाट. या खोलीच्या भिंतीला लागूनच मातीचा उभा कडा आहे आणि कड्यावर माझ्या धाकट्या दिरांचे घर. एकाच जमिनीचे हे दोन वाटे. हल्ली वरून माझ्या पत्र्यावर खडे पडतात. खडा वाजला की कात्री हातातच थांबते. ओट्यावर पातेल्याचे झाकण पडले तरी मी मुलीला दाराबाहेर ढकलते.

२. गवंडी म्हणाला, कड्याला दगडी संरक्षक भिंत हवी आणि वरून कोणी पडू नये म्हणून तिच्यावर कुंपण. त्यासाठी नगररचना कार्यालयाची परवानगी लागते. तिथल्या कारकुनाने आधी भिंतीचा आणि कुंपणाचा वेगळा अर्ज करायला लावला, मग दोन्ही एकत्र करून आणायला सांगितले. शेवटी म्हणाला, "उंची मर्यादेबाहेर जाते, आणि पाया वरच्या जमिनीत शिरतोय. वरच्या मालकाची संमती आणा. आमच्या हातात काही नाही, बाई."

"हो ना," मी म्हटले, "सगळं माझ्या डोक्यावर आहे."

३. भाऊजींनी संमती दिली नाही. कड्यात त्यांनी पायऱ्या खणल्या आहेत. त्या उतरून माझ्या अंगणातून ते बाजारात जातात. भिंत झाली की पायऱ्या जाणार आणि रस्त्याने वळसा पडणार. "वहिनी, मला कोंडवाड्यात घालताय का? दादा असता तर असं केलं असतं?"

"ते असते तर कान धरून सही घेतली असती तुमची."

तेव्हापासून बोलणे बंद, पायऱ्या चालू. वाटणीत रस्त्याकडची बाजू आम्हाला आली हा त्यांचा जुना राग. त्याला मी काय करू? वाटणीच्या वेळी मला कोणी विचारले होते! रोज तोंड फिरवून उतरतात आणि त्यांच्या मागोमाग माती घरंगळते. पायाखालची जमीन आपलीच आहे, हेही या माणसाला कळत नाही.

४. मागच्या भिंतीला तडा गेला, तेव्हा गवंड्याने त्यावर काचेची पट्टी चिकटवली. "काच फुटली तर समजा, भिंत हलतेय." काच आमच्या ह्यांच्या फोटोची. ती फुटली आहे. मी तिच्यावर कॅलेंडर टांगले आणि मुलीला सांगितले नाही. तरी ती म्हणते, "आई, आजपासून मी आत झोपते. तू बाहेर ये." तिला हो म्हणण्याची माझी छाती नाही.

५. पुढची खोली, मशीन आणि कात्र्या मुलीच्या. तिला शिवण आवडत नाही. मशीन खुशाल विकावे. बँकेत आहे ते सगळे भिंतीला लावावे. माझ्या नावाने जेवणावळी घालू नयेत.

६. मागची खोली, कड्यापर्यंतच्या जमिनीसह, भाऊजींना. चूक नाही, विचार करून लिहिते आहे. कारकूनच बोलून गेला होता की दोन्हीकडचा मालक एक असेल तर संमती मागायची कोणाची? माझ्यानंतर पत्राही त्यांचा आणि खडेही त्यांचे. अट एकच: भिंत उभी राहीपर्यंत माझ्या मुलीने त्या खोलीत पाऊल टाकू नये. चहा प्यायचा असेल तर तिथे भाऊजींनी बसून प्यावा.

७. हे कलम सहीआधी जोडते आहे. साक्षीला गवंडी आला होता, दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई अजून यायच्या होत्या. तेवढ्यात भाऊजी अंगणातून निघाले. गवंड्याने हाक मारली, "या, एक सही करा." भाऊजी आले, खिशातून पेन काढले. ज्या सहीसाठी मी वर्षभर जीव टांगणीला लावला, ती आज चालत घरी आली, आणि मलाच नाही म्हणावे लागले.

"भाऊजी, तुमची सही चालत नाही. ज्याला मिळणार, त्याने साक्षीदार होऊ नये."

"मला काय मिळायचंय?"

"मागची खोली."

ते हसले. "ती घेऊन काय करू?" म्हणत आत गेले. मी कॅलेंडर काढले. त्यांनी काचेवरून बोट फिरवले. तेवढ्यात पत्र्यावर खडा वाजला, तसे ते दचकून दारापर्यंत मागे आले.

"वहिनी, तुम्ही इथे झोपता?"

"मग कुठे झोपू?"

वर्षभर फळीवर सहीविना पडलेला संमतीचा कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. त्यावर सही होईल की नाही, हे लिहिताना मला ठाऊक नाही, म्हणून वरचे एकही कलम बदललेले नाही. मात्र घरी जाताना ते पायऱ्यांनी गेले नाहीत. रस्त्याने वळसा घालून गेले.

लिहून ठेवणार: शिवणकाम करणारी, सही

साक्षीदार: १. गवंडी, सही
२. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई, सही

स्थळ: राहते घर, पुढची खोली
तारीख: अर्जाला वर्ष झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवार