शेंडा सोडून

१२ फेब्रुवारी
वृक्षमित्र मंडळाचा अध्यक्ष झालो. एकमताने. दुसरं कोणी तयार नव्हतं. पहिला ठराव माझाच: यंदा राबासाठी कोणी झाड तोडायचं नाही. फांद्या-पाला जाळायचा आणि त्या जागी भाताचं बी पेरायचं, ही पद्धत आता आउटडेटेड. आमच्या बांधावरचं ऐनाचं झाड तर माझ्या रियाने दत्तक घेतलंय. २१ मार्चला, वन दिनाला, ती शाळेत 'माझे बाबा वृक्षमित्र' यावर बोलणार. पाहुणा मीच.

१५ फेब्रुवारी, रात्रीचं जेवण
आई म्हणाली, "राब नाय भाजला तर रोप पिवळं पडंल रं. मंग काय तुजा ठराव पेरायचा?" ती जेवली नाही. निषेध म्हणून मीही जेवलो नाही. वडापाव कर्जत स्टेशनवरच झाला होता.

१९ फेब्रुवारी
पडलेला पाला गोळा करणं म्हणजे तोडणं नव्हे. दोन टोपल्या भरल्या. आई नुसती हसली.

२३ फेब्रुवारी
यूट्यूबवर पाहिलं. छाटणीने झाड जोमाने वाढतं. म्हणजे छाटणी हे वृक्षसंवर्धनच. रियाला सांगितलं, ऐनाचे केस कापायचेत. किती, म्हणाली. शेंडा सोडून, म्हटलं. शब्द दिला.

२५ फेब्रुवारी
गावातल्या हिरूला ऐनावर चढवला. मी कोयत्याला हात लावलेला नाही, हे नोंदवून ठेवतो. फक्त खालून बोट दाखवत होतो. "दादा, शेंड्याचं काय करू?" असं त्याने वरून विचारलं तेव्हा मी फोनवर होतो. फोन कोणाचा आला नव्हता, पण कानाला होता. आई म्हणाली, "घे रं तो पण."

२ मार्च
रिया बोलत नाही. वयच तसं. खोड शाबूत आहे. त्यावर 'झाडे वाचवा' बोर्ड ठोकला. पानं असती तर रस्त्यावरून दिसलाही नसता.

९ मार्च
आईने राब भाजला. मी खिडक्या लावून घेतल्या. धुराला माझा तत्त्वतः विरोध आहे.

२१ मार्च
रियाने आयत्या वेळी विषय बदलला. 'मी बांधावरचा ऐन बोलतोय.' शेवटी म्हणाली, "शेंडा ठेवीन, असा मला शब्द मिळाला होता. कोणी दिला ते सांगत नाही. ते आज पाहुणे आहेत."
पहिला नंबर. बक्षिसाचं रोप माझ्याच हातून दिलं. तिने हळूच विचारलं, "बाबा, हे कुठं लावू? तुमच्या हाताला लागणार नाय असं?"
डोळ्यांत पाणी आलं. राबाचा धूर गेला असावा.
राब भाजून बारा दिवस झाले.